बॉक्स कसून द्या

स्टेअरिंग ढिलं झालेली गाडी घेऊन येणारा माणूस निदान घरूनच करून आलेला असतो. दारात गाडी उभी करतो आणि उतरायच्या आत खिडकीतूनच सांगतो, "मिस्त्री, बॉक्स कसून द्या. स्टेरिंग भल्ली ढिल्ली झाली." चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलमध्ये गॅरेज टाकल्यापासून हे वाक्य इतक्यांदा कानावर आलं आहे की आता मी वाद घालत नाही. "कसून देतो, आधी खाली जाऊन पाहू द्या," एवढंच म्हणतो.

बॉक्सवरच सगळ्यांचा डोळा असतो, त्याला कारण आहे. जुन्या पिकअपच्या स्टेअरिंग बॉक्सच्या डोक्यावर एक स्क्रू असतो, त्यावर चेकनट. नट सैल करायचा, स्क्रू पाव आटा आत घ्यायचा, नट पुन्हा आवळायचा. दहा मिनिटांचं काम. चार बोटं मोकळं फिरणारं स्टेअरिंग दोन बोटांवर येतं, गिऱ्हाईक खूष, पैसेही थोडेच. म्हणून रस्त्याकडेला पाना घेऊन बसलेला कुणीही हे काम करून देतो आणि महिन्याभरानं त्याच गाडीचं पुन्हा करतो.

या स्क्रूची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. गाडी जन्मभर बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे बॉक्सच्या आतला वर्म झिजतो तो मधोमध. पूर्ण वळण घेताना ज्या टोकांवर काम पडतं ती टोकं जवळजवळ नव्यासारखीच राहतात. मधला खेळ काढायला स्क्रू जास्त आवळला की सरळ रस्त्यावर गाडी झकास वाटते, पण वळणावर बॉक्स धरू लागतो. वळण संपल्यावर स्टेअरिंगनं आपणहून परत यायला हवं. ते येत नाही, ओढून आणावं लागतं. कोरचीकडे जाताना बेडगावचा घाट लागतो. तिथे भरलेल्या गाडीचं स्टेअरिंग एका बाजूला अडकून राहिलं तर काय होईल, हे सांगायची गरज नाही. तसं पाहिलं तर ढिल्या स्टेअरिंगपेक्षा कसलेलं स्टेअरिंग जास्त वाईट. ढिलं असलं की चालवणारा निदान सावध तरी असतो.

मी हे काम शिकलो बल्लारपुरात. कागद कारखान्यामुळे तिथे बांबूच्या गाड्यांची रीघ असायची, आणि पुढची चाकं, ॲक्सल, पाटे यांचा जीव घ्यायला बांबूच्या गाडीसारखी दुसरी गाडी नाही. आमचे उस्ताद फार कमी बोलायचे. गाडी आली की मला पोतं अंथरून खाली झोपवायचे आणि स्वतः वर बसून स्टेअरिंग डावं-उजवं हलवायचे. पूर्ण फिरवायचे नाहीत, फक्त खेळ असेल तेवढंच. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. जॅक लावू द्यायचे नाहीत, कारण गाडीचं वजन चाकांवर असतानाच सांधा आपलं खरं रूप दाखवतो. खाली माझं काम एकच: प्रत्येक बॉल जॉइंटवर बोट असं ठेवायचं की अर्धं बोट रॉडवर आणि अर्धं समोरच्या आर्मवर राहील. दोन्ही भाग एकदम हलले तर सांधा ठीक. एक आधी आणि दुसरा जरा मागून हलला तर बोटाला तो फरक लगेच कळतो. डोळ्याला कळत नाही. सगळाच रॉड इकडेतिकडे होत असतो, त्यात केसाएवढा खेळ काय दिसणार?

क्रमही ठरलेला होता. वरून सुरुवात करायची. आधी कॉलमचा क्रॉस, मग बॉक्स आणि तो चेसीला धरून ठेवणारे बोल्ट, मग ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉडची दोन्ही टोकं. हे सगळं झाल्यावर जॅक. जॅकखाली लाकडाचा ठोकळा, ॲक्सलखाली घोडी. मग चाक वरून-खालून धरून हलवायचं. खटखट लागली तर वर बसलेल्याला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर चाकाचं बेअरिंग सैल आहे, आणि तरीही राहिली तर किंगपिन झिजली आहे. किंगपिन म्हणजे दाराची बिजागरी. बिजागरीचं भोक मोठं झालं की दार कितीही चांगलं असलं तरी लोंबकळणारच. ही ब्रेकची युक्ती कुणी शोधून काढली देव जाणे. ट्रकचं काम करणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीला ती येते, पण धंद्याच्या घाईत निम्मे लोक ती वापरत नाहीत.

या तपासणीत जे हाती लागतं ते बहुतेक वेळा मालकाला पटत नाही. त्याला एक खराब पार्ट हवा असतो, बोट दाखवून "हा काढा, नवा टाका" म्हणता येईल असा. मी त्याला सांगतो की ड्रॅग लिंकमध्ये थोडं आहे, डाव्या टाय रॉडच्या टोकात थोडं, किंगपिनच्या खालच्या बुशमध्ये थोडं आणि बॉक्समध्येही थोडं. तो म्हणतो, "थोडं थोडं म्हणता, मग एवढं ढिल्लं काऊन?" उत्तर हिशेबाचं आहे. जुन्या बॉक्समध्ये रस्त्यावरचं चाक एक अंश वळवायला हातातलं स्टेअरिंग पंधरा-वीस अंश फिरवावं लागतं. तेच उलटं लावा: खाली चाकाकडे सगळ्या सांध्यांचा मिळून एक अंशाचा खेळ झाला की वर हातात तो पंधरा-वीस अंशांचा होऊन येतो. खाली केसाएवढं, वर पंजाएवढं. म्हणून एकच पार्ट बदलून पूर्ण फरक पडला असं क्वचितच होतं. सगळे बदलायचे म्हणजे खर्च, आणि इथूनच मालक आणि मिस्त्री यांच्यात खरी घासाघीस सुरू होते.

कायदा या बाबतीत फार कडक आहे असं नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८वा नियम स्टेअरिंगचा. स्टेअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त मोकळा खेळ नको, असं त्यात म्हटलं आहे. ३० अंश म्हणजे वर्तुळाचा बारावा हिस्सा. चाळीस सेंटीमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर कडेला मोजलं तर तो दहा सेंटीमीटरच्या वर भरतो. चारही बोटं बसतील इतका खेळ नियमात बसतो! पण त्याच नियमात पुढे दोन गोष्टी आहेत आणि त्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत. सगळ्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात, आणि जोडणीचे बोल्ट-पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात. मला विचाराल तर ३० अंशांपेक्षा या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. त्या पासिंगच्या आदल्या संध्याकाळी बॉक्स कसून घ्यायला येणारे पुष्कळ असतात. रबर बदलून घ्यायला कुणी आलेला मला आठवत नाही.

रबराचं महत्त्व कळायला आमच्या भागातली जमीन पाहायला हवी. वरोरा, राजुरा, कोरपना या बाजूला काळी माती. ती पावसाळ्यात सांध्यांना लिंपली जाते आणि उन्हाळ्यात विटेसारखी वाळून रबर फाडते. खाणींच्या पट्ट्यात कोळशाची धूळ, गडचांदूरकडे सिमेंटची. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा धानाचा पट्टा. रोवणीच्या दिवसांत पिकअप चिखलातून बांधाबांधानं फिरते. गडचिरोलीत उतरलं की लाल मुरूम आणि नाले. भामरागडला पर्लकोटेचा पूर आला की रस्ता बंद होतो हे पेपरात येतं. पूर ओसरताना गुडघाभर पाण्यातून जी पहिली गाडी पलीकडे जाते तिच्या हबमध्ये काय शिरतं ते पेपरात येत नाही. चाक उघडलं की ग्रीस दुधासारखं पांढरं झालेलं निघतं. फाटक्या रबरातून धूळ आत गेली की ग्रीस आणि धूळ मिळून पॉलिश करायच्या पेस्टीचं काम करतात, आणि सांधा रोज थोडा थोडा घासला जातो. रबर काही रुपयांचं, जॉइंट शेकड्यांचा, आणि जॉइंट सुटला तर त्याची किंमत लावता येत नाही.

मधली काही वर्षं मी आलापल्लीला काढली. चंद्रपूरपासून सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, पुढे सिरोंच्याचा रस्ता आणखी शंभरेक. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पुढे गाड्यांच्या पाट्यांवर एमएच-३४ च्या शेजारी एमएच-३३ दिसू लागलं, पण स्पेअर पार्टसाठी नजर चंद्रपूरकडेच. फोन करायचा, दुकानदार पुडकं बांधून बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचा, आणि मी संध्याकाळी स्टँडवर जाऊन उभा. किंगपिनचा सेट मागवला तर कधी बुश दुसऱ्याच मापाचे निघायचे. मग गाडीवाला गॅरेजच्या बाहेर बाजेवर मुक्काम ठोकायचा. नवा पार्ट लगेच मिळत नाही म्हटल्यावर काय झिजलं आहे आणि काय अजून चालेल हे नीट ठरवायची सवय लागली. शहरातला मिस्त्री शंका आली की पार्ट बदलून पाहतो. आलापल्लीत ती चैन नव्हती.

तिथलं मे महिन्याचं काम वेगळंच. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला की जिला चाकं आहेत ती प्रत्येक गाडी जंगलात. फळीवरून, म्हणजे पानं गोळा होतात तिथून, बोरे भरून गोदामाकडे. पारा ४५च्या वर, चेसीला हात लावला तर चटका. आम्ही पहाटे चारला काम सुरू करायचो आणि दहाला थांबायचो. तेंदूचा माल वजनाला हलका, पण रचला की गाडीच्या उंचीच्या दुप्पट. अशी गाडी खड्ड्यात डोलते, ड्रायव्हर स्टेअरिंगनं ती सावरत राहतो आणि पुढच्या पाट्यांचे शॅकल, बुश सगळे एकदम बोलायला लागतात. बांबूची गाडी याच्या उलट. पिकअपच्या हौद्यात लांब बांबू भरले की निम्मे मागे लोंबतात आणि नाक वर उचललं जातं. पुढच्या चाकांवरचं वजन कमी झाल्यानं स्टेअरिंग हलकं लागतं. ड्रायव्हरला वाटतं, वा, गाडी आज कशी फुलासारखी वळते! ती वळत नसते, पुढची चाकं जमिनीवर नुसती टेकलेली असतात. रिकाम्या गाडीत जो खेळ धोक्याचा वाटत नाही तोच अशा ओझ्यात गाडी रस्त्याच्या खाली नेतो.

एक पिकअप अशी आली की तिच्या मालकाचं सगळं बदलून झालं होतं. टाय रॉडची टोकं नवी, ड्रॅग लिंक नवी, किंगपिन नवी, बॉक्स दुसऱ्या गाडीचा काढून टाकलेला. तरी चार बोटं खेळ तसाच. मालक वैतागून म्हणाला, "आता विकूनच टाकतो." खाली झोपलो, वर पोराला बसवलं. सगळे सांधे ठणठणीत. मग हात बॉक्सवर ठेवला आणि पोराला जरा जोरात हलवायला सांगितलं. बॉक्सच हलत होता. बोल्ट पाहिले तर घट्ट. चिखलाचा थर खरवडला तेव्हा कळलं की बॉक्स जिथे बसतो तिथे चेसीलाच तडा गेला होता. बोल्टाच्या भोकापासून निघून खालच्या कडेपर्यंत बारीक रेघ. स्टेअरिंग फिरवलं की आधी तडा उघडायचा, मग बॉक्स ढकलायचा, मग कुठे चाक वळायचं. मालकानं घातलेले सगळे पैसे चांगल्या पार्टवर गेले होते. ज्यावर ते पार्ट उभे होते ते लोखंड कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या हाताला सवय लागली: कुठलीही जुनी गाडी आली की बॉक्सभोवतीचा चिखल आधी तारेच्या ब्रशनं साफ करायचा, मग बाकीचं. तशा तडे गेलेल्या चेसी नंतर पुष्कळ सापडल्या. तडा भरून, वर पट्टी मारून, चांगल्या वेल्डरकडून काम करून घेतलं की गाडी वर्षानुवर्षं चालते.

वेल्डिंगचा विषय निघालाच आहे तर सांगतो. चेसीला वेल्डिंग चालतं, टाय रॉडला नाही. जंगलाच्या रस्त्यावर सागाच्या खुंटावर रॉड आपटतो आणि वाकतो. गावातला लोहार तो भट्टीत लाल करून सरळ करून देतो. वरून पाहिलं तर एकदम सरळ, पण तापवल्यानं त्याचा कस गेलेला असतो आणि तो पुढे कधी, कुठे मोडेल याचा नेम नाही. असा रॉड दिसला की मी गाडी परत देत नाही. यावरून भांडणं झाली आहेत, लोकांनी गॅरेज बदललं आहे. तीच गोष्ट स्प्लिट पिनेची. खाचांच्या नटात पिनेऐवजी खिळा वाकवून घातलेला, तार पिळलेली, एकदा तर सायकलचा स्पोक. दोन-चार रुपयांची पिन. तिच्याविना नट सैल होतो, नट पडला की जॉइंट सुटतो, आणि जॉइंट सुटला की एक चाक पूर्वेला, एक पश्चिमेला. आमच्याकडे या मिस्त्रीगिरीला 'जुगाड' म्हणून कौतुकानं पाहतात. ब्रेक आणि स्टेअरिंग या दोन ठिकाणी मला त्याचं जराही कौतुक नाही.

पण सगळ्यांनाच "गाडी ठेवा" म्हणता येत नाही, हेही या धंद्यानं शिकवलं. दिवाळी संपली की झाडीपट्टीत नाटकांचा मोसम सुरू होतो. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, निमित्तानं प्रयोग करत होळीपर्यंत फिरतात. एका हिवाळ्यात दुपारी एक पिकअप आली, मागे पडदे, लाइटचं सामान, पेट्या. रात्री सिंदेवाहीकडे प्रयोग. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, पन्नासच्या वर गेली की पुढचा भाग थरथर कापते. आजचा दिवस कसंही करा." पाहिलं तर किंगपिन पार गेलेल्या, बॉक्समध्ये खेळ, आणि उजव्या टाय रॉडच्या टोकाला रबर नाही, सांधा हातानं हलतोय. किंगपिनचं काम एका दिवसाचं. प्रयोग बुडाला तर गावकऱ्यांचाही खोळंबा. मी उजवं टोक नवं टाकलं, पिन घातली, दोन्ही चाकांची बेअरिंग कसली, टायरची हवा सारखी केली. बॉक्सला हात लावला नाही. आणि सांगितलं, चाळीसच्या वर जायचं नाही, प्रयोग संपला की सरळ इकडे. रात्रीचा धुक्याचा रस्ता, त्यामुळे झोप नीट लागली नाही. गाडी तिसऱ्या दिवशी आली, किंगपिन झाल्या.

तेव्हापासून माझ्या डोक्यात झिजलेल्या पार्टचे दोन ढीग आहेत. एका ढिगात जे सुटू किंवा तुटू शकतं: बॉल जॉइंट, पिन नसलेला नट, वाकून सरळ केलेला रॉड, चेसीचा तडा, तुटलेला सेंटर बोल्ट, ज्यामुळे ॲक्सल जागेवरून सरकतो. त्यासाठी गाडी थांबलीच पाहिजे, मग मालक कुणीही असो. दुसऱ्या ढिगात जे नुसतं झिजतं: बॉक्स, किंगपिनचे बुश, शॅकल. ते धान विकेपर्यंत, हंगाम संपेपर्यंत थांबू शकतं, गाडी हळू चालवली तर. गरीब माणसाच्या गाडीचं काम करताना ही विभागणी यायलाच हवी. नाहीतर सगळं सांगून त्याला घाबरवाल, तो दुसरीकडे जाऊन नुसता बॉक्स कसून घेईल, आणि तुमच्या खरेपणाचा त्याला काही उपयोग झाला नाही असं होईल.

आता ज्याचा मला सर्वांत उशिरा उलगडा झाला ते सांगतो. ढिल्या स्टेअरिंगची तक्रार रोज गाडी चालवणारा सहसा करतच नाही. खेळ एका रात्रीत येत नाही. महिन्यामागून महिने केसाकेसानं वाढतो, आणि हात त्याच्यासोबत शिकत जातात. सरळ रस्त्यावर त्याचे हात सतत डावं-उजवं करत असतात, त्याला कळतही नाही. तक्रार येते ती दुसऱ्याकडून. भाचा नागपूरहून आला, सहज गाडी घेऊन सावली गावापर्यंत गेला आणि घामाघूम होऊन परतला. किंवा नवा ड्रायव्हर ठेवला, त्यानं पहिल्याच दिवशी चाबी परत केली. जुना ड्रायव्हर हसतो, "त्याले चालवता येत नाही." मला विचाराल तर त्या पोराचं खरं असतं.

याचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. सगळं काम करून, स्टेअरिंग अगदी काटेकोर करून गाडी दिली की काही जण दोन किलोमीटरवरून परत येतात. "मिस्त्री, गाडी पळापळ करते. आधीच बरी होती." गाडीत काही नसतं. हातांना चार बोटं फिरवायची सवय; आता एका बोटात चाक वळतं, मग गाडी जास्तच वळते, मग तो उलट ओढतो. रिकाम्या रस्त्यावर हे चालून जातं. मात्र चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो, कडेनं चितळ, रानडुक्कर कधी आडवं येईल सांगता येत नाही, आणि दचकून हात जुन्या सवयीनं फिरले तर गाडी थेट झाडावर. म्हणून काम झाल्यावर मी मालकाच्या शेजारी बसतो आणि सावलीच्या दिशेनं काही अंतर जाऊन येतो. बोलत काही नाही. फक्त "हात ढिले ठेवा" एवढंच. परतेपर्यंत बहुतेकांचे हात शांत झालेले असतात. या फेरीचे पैसे लावत नाही. माझा हेल्पर म्हणतो, डिझेल जाते फुकटचं. जाऊ दे.

हल्लीच्या पिकअपना पॉवर स्टेअरिंग आलं आणि कामाचं रूप पालटलं. भरलेली गाडी एका हातानं वळते, त्यात वाईट काही नाही. पूर्वीच्या ड्रायव्हरांचे खांदे जायचे. पण पूर्वी किंगपिन सुकली, ग्रीस संपलं की स्टेअरिंग जड होऊन आपणहून सांगायचं. आता पंपाचं तेल तो जडपणा गिळून टाकतं. ड्रायव्हरला काही कळत नाही, आणि चाक उचलून पाहिलं की बुश पार संपलेला. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत तपासणी इंजिन चालू ठेवून करायची, बाकी बोट ठेवायची रीत तीच. नव्या पोरांना मी हे शिकवतो. त्यांना मोबाइलवर स्कॅन करता येणाऱ्या गोष्टींचं आकर्षण जास्त. स्कॅनरवर टाय रॉडचा खेळ दिसत नाही, हे त्यांना एकदा खाली झोपवल्याशिवाय पटत नाही.

तुमच्याकडे जुनी पिकअप असेल तर मिस्त्रीकडे जायच्या आधी एवढं घरी करा. सपाट जागी गाडी उभी करा, इंजिन बंद, पुढची चाकं सरळ. कुणाला तरी बाहेर पुढच्या चाकाकडे पाहत उभं करा आणि तुम्ही स्टेअरिंग हळू फिरवा. चाक हलायला लागलं की तो "हाँ" म्हणेल. तोपर्यंत स्टेअरिंगची कड किती बोटं फिरली ते पाहा. दोन बोटांच्या आत असेल तर ग्रीस मारा आणि कामाला लागा. चारच्या पुढे गेलं तर गाडी भरू नका. वाकून टाय रॉडच्या टोकांची रबरं आणि पिना पाहा. पिनेच्या जागी खिळा किंवा तार दिसली तर गाडी तिथेच ठेवा आणि मिस्त्रीला बोलवा.

आणि तेंदूचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी येऊ नका. मार्चमध्ये या, तेव्हा पार्ट मिळतात आणि आम्हालाही वेळ असतो. येताना जो गाडी चालवतो त्यालाच पाठवा. मालकानं फोनवरून "बॉक्स कसून द्या" सांगितलं तर मी ते करणार नाही.